सेल्फ फिरतोय, पण ठिणगी नाही: जुन्या गाडीतला हरवलेला करंट शोधताना

ऑक्टोबरात पाऊस थांबला की कोथरूडच्या आमच्या सोसायटीत एका रविवारी आमच्या पद्मिनी गाडीवरचं कव्हर निघतं. बॅटरी जोडायची, चोक ओढायचा, सेल्फ मारायचा. इंजिन छान फिरतं, पण पकडत नाही. तोवर शेजारचे दोघं-तिघं चहाचे कप घेऊन आलेले असतात. एक म्हणतो, पेट्रोल येत नसेल. दुसरा म्हणतो, प्लग बदला. तिसऱ्याच्या मते कॉइल गेलेली असते.

गाडी माझ्या बाबांची, १९८६ सालची. बाबांच्या मागे ती माझ्याकडे आली, आणि तिच्याबरोबर नाना पेठेतले त्यांचे जुने फिटर काकाही. काकांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं, "ताई, पार्ट बदलायचा नाही. आधी करंट कुठपर्यंत पोचतोय ते बघायचं. जिथे थांबला, तिथे दुखणं." खाली जे लिहिते आहे ते या सांगण्याप्रमाणे गाडीशी वागून शिकलेलं आहे. अंदाजाने कॉइल, पॉइंट, कंडेन्सर, प्लग असं सगळं बदलत गेलात तर दोन-तीन हजार सहज जातात, आणि बिघाड एखाद्या तुटक्या वायरीत तसाच राहतो.

ठिणगी पडते कशी

पद्मिनी, अॅम्बॅसडर, स्टँडर्ड हेरल्ड, जुनी पेट्रोल जीप, या सगळ्यांची इग्निशनची पद्धत एकच. चार्ल्स केटरिंग या अमेरिकन इंजिनिअरने ती १९१० च्या सुमारास कॅडिलॅकसाठी बसवली, आणि आपल्याकडच्या गाड्यांत ती विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत चालली. हिचं कामकाज एकदा डोक्यात बसलं की पुढचं काही पाठ करावं लागत नाही.

कॉइलच्या डब्यात तारेची दोन वेटोळी असतात. एक जाड तारेचं, थोड्या वेढ्यांचं. दुसरं केसासारख्या बारीक तारेचं, हजारो वेढ्यांचं. चावी फिरवली आणि डिस्ट्रिब्युटरमधले (प्लगना पाळीपाळीने ठिणगी वाटणाऱ्या डब्यातले) सीबी पॉइंट, म्हणजे उघडमीट करणाऱ्या दोन धातूच्या चकत्या, मिटलेले असले, की बॅटरीचा करंट जाड तारेतून वाहतो, साधारण चार अँपिअर. कॉइलमध्ये चुंबकीय क्षेत्र तयार होतं. डिस्ट्रिब्युटरचा चौकोनी कॅम फिरून पॉइंट उघडतो, करंट झटक्यात तुटतो, क्षेत्र कोसळतं आणि बारीक तारेत पंधरा-वीस हजार व्होल्ट उसळतात. ठिणगी पॉइंट मिटताना पडत नाही, उघडताना पडते. मिटणं ही तयारी, उघडणं हा घाव. त्यामुळे जो पॉइंट नीट मिटत नाही तो ठिणगी देऊ शकत नाही, आणि जो उघडतच नाही तोही नाही.

चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला ३००० फेऱ्यांनी फिरत असेल तर हे सेकंदाला शंभर वेळा घडतं. त्या एवढ्याशा पॉइंटवर किती काम पडतं ते यावरून समजेल.

आता वाट दोन भागांत पाडा. पहिला भाग बारा व्होल्टचा: बॅटरी, चावीचं स्विच, कॉइलचा प्लस, कॉइलचा मायनस, डिस्ट्रिब्युटरची बारीक वायर, पॉइंट आणि शेवटी बॉडीचं अर्थिंग. दुसरा भाग हजारो व्होल्टचा: कॉइलच्या मधल्या तोंडातून निघणारी जाड वायर, कॅप (डिस्ट्रिब्युटरचं झाकण), रोटर (त्याच्या आत फिरून ठिणगी वाटणारा तुकडा), चार प्लग वायरी, प्लग. दोन्हींच्या सीमेवर कॉइल. पहिलं काम एवढंच, की दुखणं सीमेच्या अलीकडे आहे का पलीकडे ते ठरवायचं.

जवळ काय ठेवायचं

बारा व्होल्टचा पाच वॅटचा पार्किंगचा बल्ब, त्याला दोन लांब वायरी आणि टोकांना दात असलेल्या क्लिपा, हा झाला टेस्ट लॅम्प. एलईडीचा घेऊ नका. तो गंजक्या जोडातून येणाऱ्या किरकोळ करंटवरही लागतो आणि फसवतो. साधा बल्ब खरा करंट पोचला तरच नीट पेटतो. याशिवाय साधा मल्टिमीटर, फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्या), बारीक पॉलिश पेपर, लहान स्क्रू ड्रायव्हर, प्लग पाना, कोरडं सुती फडकं, एक-दोन मीटर वायर आणि चालू स्थितीतला एक जादा प्लग. मूठ चांगली इन्सुलेशन असलेली पक्कड हवीच.

आणि हे गांभीर्याने घ्या. ही ठिणगी धडधाकट माणसाला सहसा मारत नाही, पण हात असा झटकून मागे येतो की कोपर बॉनेटच्या कडेवर आपटतं किंवा बोटं पंख्यात जातात. जाड वायर नुसत्या हाताने धरू नका, पक्कडीने धरा. पेसमेकर बसवलेल्या माणसाने हे काम स्वतः करू नये, चालू इंजिनाजवळ वाकूही नये. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला. ओढणी, पदर, सैल बाही, गळ्यातली साखळी पंख्याच्या पट्ट्यापासून दूर. सेल्फ मारून मारून इंजिनात पेट्रोल भरलं असेल तर बॉनेट उघडं ठेवून दहा मिनिटं थांबा. पेट्रोलच्या वाफेत ठिणगी तपासायची नाही.

खरंच करंट नाही, हे आधी सिद्ध करा

एक प्लग काढा आणि वास घ्या. टोक पेट्रोलने ओलं असेल तर पेट्रोल पोचतंय, संशय ठिणगीवर. ठणठणीत कोरडा असेल तर आधी कार्बोरेटरकडे बघा. चार महिने उभ्या गाडीच्या फ्लोट चेंबरमधलं, म्हणजे कार्बोरेटरच्या वाटीतलं, पेट्रोल बऱ्याचदा उडून गेलेलं असतं.

मग डिस्ट्रिब्युटरची कॅप काढा, कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा आणि रोटर फिरतोय का ते डोळ्यांनी बघा. याला दहा सेकंदही लागत नाहीत, म्हणून ठिणगी बघण्याआधी हेच. रोटर जागेवरच असेल तर बिघाड इलेक्ट्रिकचा नाही, डिस्ट्रिब्युटरला फिरवणाऱ्या यंत्रणेचा आहे. तिथे गॅरेजच हवं.

रोटर फिरतोय? मग कॅप बसवा, कॅपच्या मधोमध खुपसलेली कॉइलची जाड वायर कॅपच्या बाजूने उपसा आणि तिचं टोक इंजिनाच्या स्वच्छ, बिनरंगाच्या धातूपासून पाच-सहा मिलिमीटरवर पक्कडीने धरा. कार्बोरेटरपासून लांब. सेल्फ मारायला सांगा. भर उन्हात ठिणगी दिसत नाही, म्हणून सावलीत किंवा संध्याकाळी करा, आणि कानही लावा. चांगली ठिणगी निळसर-पांढरी असते आणि "टच् टच्" असा कोरडा आवाज करते. पिवळट, बारीक, मुकी ठिणगी उघड्या हवेत दिसेल, पण सिलिंडरमधल्या दाबाखाली ती टिकत नाही. तिला "ठिणगी आहे" असं धरू नका.

इथे सणसणीत ठिणगी मिळाली तर कॉइलपर्यंत सगळं ठीक आहे. दुखणं कॅप, रोटर, प्लग वायरी किंवा प्लगमध्ये. सरळ त्या भागाकडे जा. ठिणगी नाही किंवा रोडावलेली आहे, तर बारा व्होल्टच्या बाजूला चला. माझ्या अनुभवात पावसाळ्यानंतरची बहुतेक प्रकरणं याच बाजूला निघतात.

बॅटरी आणि अर्थिंग

पूर्ण चार्ज झालेली बॅटरी विसावलेली असताना १२.६ व्होल्ट दाखवते. बारावर आली की ती जवळजवळ रिकामी समजा. खरी परीक्षा सेल्फ मारतानाची: मीटर लावून ठेवा, आकडा दहाच्या फार खाली जाता कामा नये. आठ-नऊवर कोसळत असेल तर सेल्फच सगळा करंट पितो आणि कॉइलला उरत नाही. अशी गाडी सेल्फवर अडून बसते आणि धक्क्यावर लगेच चालू होते.

इंजिनाला बॉडीशी जोडणारी विणलेली अर्थिंगची पट्टी हलवून बघा. बोल्टखाली हिरवट-पांढरी पूड साचली असेल तर सोडवून, घासून, पुन्हा आवळा.

टेस्ट लॅम्पच्या दोन जागा

आता या सगळ्याचा गाभा. टेस्ट लॅम्पची एक क्लिप इंजिनाच्या धातूला कायमची लावून टाका. मी मायनस अर्थिंगची, म्हणजे बॅटरीचा मायनस बॉडीला जोडलेली, गाडी धरून लिहिते आहे. फार जुन्या इंग्लिश वळणाच्या काही गाड्यांत प्लस अर्थिंग असतं, तिथे प्लस-मायनस उलट समजा.

पहिली जागा, कॉइलचा प्लस. काही कॉइलवर तिथे १५ किंवा एसडब्ल्यू लिहिलेलं असतं. चावी चालू करा, लॅम्प लागायला हवा. नाही लागला तर करंट कॉइलपर्यंतच येत नाही: चावीचं स्विच, मधला एखादा जोड किंवा वायर. खात्री करायची तर बॅटरीच्या प्लसपासून कॉइलच्या प्लसपर्यंत तात्पुरती वायर जोडा आणि सेल्फ मारा. गाडी चालू झाली तर दोष स्विचच्या बाजूला, हे नक्की. पण एक ध्यानात ठेवा: अशा वेळी चावी बंद करून इंजिन बंद होणार नाही, ती वायरच काढावी लागेल. आणि ती लावून ठेवून चहाला जाऊ नका, कॉइल तापून खराब होते.

लॅम्प लागला, तरी सेल्फ मारतानाही तो लागलेला राहतो का ते बघा. झिजलेलं स्विच "ऑन"वर करंट देतं, पण चावी सेल्फच्या जागी नेली की तोडतं. अशा गाडीची खूण अशी, की सेल्फ सोडता सोडता इंजिन एकदा पकडल्यासारखं करतं. ही खूण ठाऊक नसेल तर माणूस दिवसभर पॉइंट घासत बसतो.

दुसरी जागा, कॉइलचा मायनस. इथे १ किंवा सीबी असंही लिहिलेलं असतं. याच टोकावरून बारीक वायर डिस्ट्रिब्युटरकडे जाते. लॅम्पची मोकळी क्लिप इथे लावा आणि सेल्फ मारायला सांगा. तीनपैकी एक गोष्ट होईल.

लॅम्प लुकलुकला, म्हणजे पॉइंट मिटतात आणि उघडतात, बारा व्होल्टची वाट चालू आहे. तरीही ठिणगी नसेल तर संशय कंडेन्सर, कॉइलचं बारीक वेटोळं किंवा मधली जाड वायर, या तिघांवर.

लॅम्प सतत लागून राहिला, म्हणजे करंट कॉइल ओलांडून आला, पण पॉइंटमधून अर्थला उतरत नाही. पॉइंटवर साय धरली आहे, गॅप (दोन चकत्यांमधली फट) इतका मोठा आहे की ते मिटतच नाहीत, डिस्ट्रिब्युटरची बारीक वायर तुटली आहे, किंवा पॉइंट ज्या पट्टीवर बसतात तिचं अर्थिंग सुटलं आहे.

लॅम्प लागलाच नाही, म्हणजे एकतर करंट कॉइलमध्येच अडला किंवा परस्पर अर्थला पळतोय. दोन्हींत फरक करणं सोपं आहे. डिस्ट्रिब्युटरकडे जाणारी वायर कॉइलच्या मायनसवरून काढा आणि लॅम्प तिथेच ठेवून चावी चालू करा. आता लागला तर डिस्ट्रिब्युटरच्या आत शॉर्ट आहे किंवा पॉइंट उघडतच नाहीत. अजूनही विझलेलाच असेल तर कॉइलचं जाड वेटोळं तुटलंय, कॉइल बदला.

पाच मिनिटांच्या या तपासणीने कोणता पार्ट निर्दोष आहे ते कळतं. मला त्याचंच मोल जास्त वाटतं, कारण निर्दोष पार्टला हात लावला नाही की नवी भानगड आत शिरत नाही.

पॉइंट

मागच्या ऑक्टोबरात आमच्या गाडीचा लॅम्प सतत लागून राहिला होता. कॅप काढली, रोटर उपसला. पॉइंट वरून अगदी चांगले दिसत होते. स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने हलकेच उघडून टॉर्चच्या प्रकाशात धरले तेव्हा दोन्ही चकत्यांवर राखाडी, धुरकट साय दिसली, काचेवर वाफ धरावी तशी. चार महिन्यांच्या दमट हवेने धरलेलं ऑक्साइड ते. डोळ्याला नगण्य, पण बारा व्होल्टला ते भिंतीसारखं आडवं येतं.

उपाय असा. चावी बंद. बारीक पॉलिश पेपरची दुमडलेली पट्टी मिटलेल्या पॉइंटमध्ये सरकवा आणि तीन-चारदा अलगद ओढा. कानस लावू नका, चकत्यांचा सपाटपणा जातो. मग पेट्रोलच्या थेंबाने ओलावलेला स्वच्छ जाड कागद त्याच फटीतून ओढा, कागदावर काळी रेघ उमटायची थांबेपर्यंत. घासल्यावर राहिलेला कण पुन्हा तोच त्रास देतो, म्हणून ही पुसणी टाळू नका. नवे पॉइंट बसवतानाही हीच पुसणी करा, कारण गंज लागू नये म्हणून त्यांना तेलाचा हात दिलेला असतो.

आता गॅप. कॅमचं टोक पॉइंटच्या फायबरच्या टाचेला पूर्ण उचलेल अशा जागी इंजिन आणायचं. गाडी टॉप गिअरमध्ये टाकून सपाट जागी थोडी थोडी पुढे ढकलली की इंजिन हळूहळू फिरतं. हे करताना चावी बंद. बीएमसी या ब्रिटिश कंपनीच्या वळणाचं इंजिन आणि लुकास कंपनीचा डिस्ट्रिब्युटर असेल तर गॅप ०.३५ ते ०.४० मिलिमीटर. बाकी गाड्यांचा आकडा याच्या आसपास असतो, तरी आपल्या गाडीच्या पुस्तिकेत बघूनच ठेवा. फीलर गेजची पाती फटीतून किंचित घासत जावी. अडकू नये आणि सैल सुटूही नये. स्क्रू आवळताना पॉइंट हमखास थोडा सरकतो, म्हणून आवळून झाल्यावर पुन्हा मोजा.

टाच झिजत गेली की गॅप कमी होत जातो आणि एक दिवस पॉइंट उघडेनासे होतात. कॅमवर तांदळाच्या दाण्याएवढं ग्रीस लावलं तर ही झीज पुष्कळ कमी होते. त्याहून जास्त लावलं तर उडून चकत्यांवर बसतं.

लॅम्प अजिबात लागला नव्हता आणि शॉर्ट डिस्ट्रिब्युटरच्या आत निघाला, तर पॉइंटच्या खुंटीवरचे इन्सुलेशनचे वॉशर बघा. बारीक वायर आणि कंडेन्सरची वायर पॉइंटच्या पत्तीच्या स्प्रिंगला चिकटून बसायला हवी, आणि तिघांपैकी कुणाचाही खुंटीच्या नटाशी किंवा पट्टीशी थेट संबंध येता कामा नये. नवे पॉइंट बसवल्यावर ठिणगी गेली असं कुणी सांगितलं की मी पहिल्यांदा हेच विचारते, वॉशर कुठल्या क्रमाने बसवले? म्हणूनच जुना सेट काढण्याआधी मोबाइलवर फोटो काढा.

डिस्ट्रिब्युटरच्या आतली ती दीड-दोन इंचांची वायर वेगळी सांगायला हवी. ऑक्टोबरातली सगळी गंमत पॉलिश पेपरने संपली असं वाटलं होतं, पण आठवड्याभरात चांदणी चौकाच्या चढावर गाडी आचके देऊ लागली. वायर बाहेरून धडधाकट होती. मल्टिमीटरची दोन टोकं तिला लावून ती बोटाने वाकवली तेव्हा रीडिंग नाचलं. व्हॅक्यूम अॅडव्हान्समुळे (इंजिनाच्या ओढीने ठिणगीची वेळ मागेपुढे करणाऱ्या भागामुळे) पट्टी सतत मागेपुढे हलते, त्या हालचालीने तांबं आतून तुटलं होतं आणि नुसतं आवरण वायर म्हणून टिकून होतं. म्हणून ही वायर डोळ्यांनी तपासू नका, वाकवून मोजा. बदलताना पुष्कळ बारीक तारांची, मऊ वायर घ्या. घरच्या वायरिंगची एकसंध तार इथे टिकत नाही.

कंडेन्सर

हा अंगठ्याएवढा डबा दोन कामं करतो. पॉइंट उघडताना करंटला क्षणभर जागा देऊन चकत्यांमध्ये ठिणगी पडू देत नाही, आणि त्यामुळे करंट झटक्यात तुटतो. तो निकामी झाला की अंधारात पॉइंटमध्ये मोठ्या पांढऱ्या-निळ्या ठिणग्या दिसतात आणि कॉइलची ठिणगी मात्र मरगळते. आतून शॉर्ट झाला तर ठिणगी पूर्ण जाते. मग त्याची वायर सोडवून बघा: मरतुकडी का होईना ठिणगी परत आली, तर चोर सापडला.

बदलून बघण्यासाठी डिस्ट्रिब्युटर उघडायची गरज नाही. चांगला कंडेन्सर घ्या, त्याची वायर कॉइलच्या मायनसला आणि डबा इंजिनाच्या धातूला क्लिपने लावा, जुन्याची वायर सोडवून ठेवा. गाडी अशीही चालते, घरी येता येतं.

इथे माझा एक कडू अनुभव. एकदा नवा कोरा, सीलबंद कंडेन्सर आणून बसवला आणि ठिणगी गेली ती गेलीच. "नवाच आहे" म्हणून त्याच्यावर संशय घेतला नाही. दोन दिवस बाकी सगळं उचकलं. काकांनी येऊन जुना परत लावला आणि गाडी पहिल्या सेल्फला चालू झाली. तेव्हापासून चांगल्या स्थितीतला प्रत्येक जुना पार्ट मी कागदात गुंडाळून, तारीख घालून ठेवते. काका स्वतः बुधवारी आणि रविवारी जुन्या बाजारात चक्कर मारतात ती याचसाठी, जुन्या मालातले चांगले कंडेन्सर निवडायला.

कॉइल

कॉइल थंड असताना, दोन्ही बारीक वायरी आणि जाड वायर काढून मोजा. प्लस आणि मायनसमध्ये साध्या कॉइलला सुमारे ३ ओहम, बॅलास्ट रेझिस्टरवर (कॉइलच्या वाटेत करंट कमी करायला जोडलेल्या रोधावर) चालणाऱ्या कॉइलला सुमारे दीड. प्लस आणि मधल्या तोंडामध्ये साधारण ५ ते १५ हजार ओहम. मीटरने काहीच दाखवलं नाही तर आतली तार तुटली आहे. बॅलास्ट नसलेल्या गाडीला दीड ओहमची कॉइल लावलीत तर ती भाजून निघते आणि पॉइंटही जाळते. दुकानात हा प्रश्न आवर्जून विचारा.

पण ओहम बरोबर आले म्हणून कॉइल निर्दोष ठरत नाही. कात्रजच्या जुन्या घाटात आमची गाडी ऐन मे महिन्यात दोनदा बंद पडली. अर्धा तास थांबलं की चालू, पुन्हा पंधरा-वीस मिनिटांनी बंद. थंड असताना मीटरवर सगळे आकडे चोख. तिसऱ्या खेपेला बंद पडताच कॉइलवर ओलं फडकं गुंडाळलं, फक्त डब्यावर, वायरींची तोंडं कोरडी ठेवून. पाच मिनिटांत गाडी चालू झाली. तापल्यावर आतलं इन्सुलेशन दगा देत होतं. त्यामुळे "गरम झाली की बंद, गार झाली की चालू" असं असेल तर बंद पडल्या पडल्या रस्त्यातच ठिणगी तपासा. घरी आणून थंड गाडी तपासण्यात अर्थ नाही.

सेल्फ न मारता कॉइल तपासायची हातची पद्धतही शिकून ठेवा, एकट्या माणसाला उपयोगी पडते. कॅप काढा, पॉइंट मिटलेल्या जागी आणा, चावी चालू करा. जाड वायरीचं टोक पक्कडीने धातूजवळ धरून दुसऱ्या हाताने इन्सुलेशनच्या मुठीच्या स्क्रू ड्रायव्हरने पॉइंट चटकन उघडा. प्रत्येक उघडण्याला एक ठिणगी पडली पाहिजे. झालं की चावी लगेच बंद. पॉइंट मिटलेले आणि चावी चालू, अशा अवस्थेत गाडी सोडलीत तर कॉइल तापत राहते. डिस्ट्रिब्युटरमध्ये पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक किट बसवलेलं असेल तर ही पद्धत वापरू नका. किटवाल्यांनी एक करावं, जुने पॉइंट आणि कंडेन्सर डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवावेत. किट रस्त्यात दुरुस्त होत नाही, पॉइंट होतात.

कॅप, रोटर, वायरी

कॉइलची ठिणगी जोरदार आणि प्लगला मात्र काही नाही, असं असेल तर इथे या.

कॅप आतून पुसा, मग उजेडाकडे धरून तिरकी करत बघा. दोन पितळी टोकांच्या मधे शिसपेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ दिसली तर तो जळका मार्ग आहे. हजारो व्होल्ट प्लगकडे न जाता त्या रेघेवरून पळतात. खरवडून काही काळ भागतं, पण कॅप बदलायचीच. मधला कार्बनचा ठोकळा स्प्रिंगवर दबून परत वर येतो का ते बोटाने बघा. जुलै-ऑगस्टमध्ये मुळशी-ताम्हिणीच्या बाजूला धुक्यात गाडी उभी राहिली की कॅपच्या आत दव साचतं. कोरड्या फडक्याने पुसून, इंजिनाच्या गरम भागाजवळ दोन मिनिटं धरून परत लावा.

रोटर वरून सुंदर दिसतो आणि आतून फुटका असू शकतो. तो दांड्यावर बसलेला असतानाच, कॉइलच्या जाड वायरीचं टोक रोटरच्या पितळी पट्टीपासून पाच मिलिमीटरवर धरा आणि वर सांगितल्याप्रमाणे हाताने पॉइंट उघडा. ठिणगी रोटरवर उडी मारत असेल तर तो आतून फुटला आहे, ती त्याच्यातून खालच्या दांड्यात उतरते. चांगल्या रोटरवर ठिणगी उडतच नाही, तिला जायला वाट नसते. ही तपासणी फार कमी जण करतात, आणि म्हणून फार चांगल्या कॉइली भंगारात जातात.

प्लग वायरींसाठी रात्रीची वेळ घ्या. इंजिन कसंबसं चालत असेल तर दिवे बंद करून बॉनेट उघडा. गळणारी वायर निळसर चमकते. वायरी एकेक करून काढा आणि लावा. पद्मिनी, अॅम्बॅसडर, हेरल्ड तिन्हींचा सिलिंडरना ठिणगी मिळण्याचा क्रम १-३-४-२ आहे, पण रोटर कोणत्या दिशेला फिरतो ते बघून त्या दिशेने मोजा.

परत जोडल्यावर

पॉइंटचा गॅप बदलला की टायमिंगही हलतं. गॅप वाढला तर ठिणगी लवकर पडते, कमी झाला तर उशिरा. म्हणून ठिणगी परत आली की तोच टेस्ट लॅम्प कॉइलच्या मायनसला लावा. इंजिनाच्या पुलीवरची टायमिंगची खूण पुस्तिकेत दिलेल्या जागी आणा, रोटर एक नंबरच्या टोकाकडे असू दे. चावी चालू करून डिस्ट्रिब्युटरचा क्लॅम्प सैल करा. आधी तो रोटरच्या दिशेने लॅम्प विझेपर्यंत फिरवा, मग उलट दिशेने अगदी सावकाश, लॅम्प लागतो न लागतो त्या क्षणी थांबा. तीच पॉइंट उघडण्याची जागा. क्लॅम्प आवळा, लॅम्प पुन्हा बघा, चावी बंद करा.

मग वहीत तारीख, किलोमीटर, गॅप आणि काय बदललं ते लिहून ठेवा. बाबांची तशी एक निळी वही गाडीत अजून आहे. १९९३ च्या एका पानावर त्यांनी लिहिलंय, "पॉइंट साफ. गॅप बरोबर. वायर बदलली, आतून तुटलेली होती." ते पान मी वायर शोधून झाल्यावर वाचलं. आधी वाचलं असतं तर आठवडा वाचला असता. आता कव्हर निघतं त्या दिवशी बॅटरी जोडायच्या आधी मी वही उघडते.